जास्तीची रोपे: उगम, वाटप आणि चौकशी

टोमॅटोचे जास्तीचे रोप म्हणजे ज्याला उगवायला जागा मिळाली, पण वाढायला मिळणार नाही, असे रोप. नाशिक शहरात ते वर्षातून तीनदा आढळते: पावसाळ्याच्या तोंडाशी, दसरा-दिवाळीच्या आगेमागे आणि संक्रांतीच्या सुमारास. या दिवसांत गोविंदनगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या सोसायट्यांत जिन्याच्या पायऱ्यांवर, लिफ्टच्या कोपऱ्यात आणि स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत ही रोपे उभी दिसतात. पांढरी माशी आणि करपा हे त्यांचे ठरलेले शत्रू, ते न बोलावता येतात. आश्रयदाते मात्र हिंडून शोधावे लागतात, आणि हे काम रोपाच्या वतीने त्याचा मालक करतो.

या प्रकाराचा अभ्यास नाशिकमध्येच करावा, याला कारण आहे. टोमॅटोची टंचाई असलेल्या गावात टोमॅटोचे रोप वाटणे समजू शकते. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतची बाजार समिती देशातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांत मोडते. शहराजवळच्या गिरणाऱ्याला हंगामात टोमॅटोचा स्वतंत्र बाजार भरतो. दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नर या तालुक्यांतून वीस-वीस किलोचे क्रेट भरून ट्रक बाहेरच्या राज्यांत जातात. ज्या जिल्ह्यात टोमॅटो ट्रकने मोजतात, त्या जिल्ह्याच्या मुख्यालयात एक गृहस्थ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एक रोप घेऊन शेजारच्या दाराची बेल वाजवतो, आणि दार उघडणाऱ्याला आपण काही दुर्मीळ वस्तू देत आहोत असा चेहरा करतो. सगळ्यात मोठे आश्चर्य म्हणजे दार उघडणाराही ती दुर्मीळ वस्तू असल्यासारखीच घेतो.

जास्तीच्या रोपांचा उगम बीजगणितात आहे. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या साधारण 300 बिया बसतात. एका चांगल्या पिकलेल्या फळातही शंभरावर बिया सहज निघतात. गॅलरीत कुंड्या असतात तीन. तीन कुंड्यांसाठी पाच-सहा बिया पेरल्या तरी पुरे. पण बी हातात घेतल्यावर माणसाचा निसर्गावरचा विश्वास उडतो. अर्ध्या उगवणार नाहीत, उरलेल्यांतल्या अर्ध्या मर रोगाने जातील, काही चिमण्या नेतील, असा हिशेब करून तो पुडी ट्रेमध्ये उपडी करतो. ताजे बी, कोकोपीटचा ओलावा आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की आठवड्याच्या आत बहुतेक सगळ्या बिया वर येतात. मर रोग येत नाही. चिमण्या फिरकत नाहीत. ट्रेमध्ये हिरवे गवत उगवल्यासारखे दिसते, आणि घरातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात.

शेतीच्या पुस्तकांत या अवस्थेवर उपाय दिलेला असतो. त्याला विरळणी म्हणतात: सशक्त रोपे ठेवावीत, बाकीची उपटून टाकावीत. निफाडचा शेतकरी हे काम चहा थंड व्हायच्या आत उरकतो. शहरातल्या बागकाम करणाऱ्याला ते जमत नाही, कारण त्याने या बियांना उगवताना पाहिलेले असते, काहींचे तर फोटोही काढलेले असतात. तो प्रथम सशक्त आणि अशक्त अशी वाटणी करतो. मग अशक्त रोपांकडे पाहून त्याला वाटते की यांनाच खरी संधी मिळायला हवी. सायंकाळपर्यंत ट्रेमधले प्रत्येक रोप वेगळ्या पेल्यात गेलेले असते. विरळणी झाली असे तो म्हणतो. प्रत्यक्षात झालेला असतो विस्तार.

बी गावरान असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी धरून उपयोग नसतो, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि एकाच फळाच्या बियांतून नाना तऱ्हेची झाडे निघतात. गावरान टोमॅटोचे तसे नाही. टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुतांशी त्याच फुलात उरकते, त्यामुळे आईसारखेच लेकरू निपजते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या धनश्री आणि भाग्यश्री या सरळ वाणांचेही बी असेच धरता येते. म्हणजे संकरित रोपाचा मालक हंगाम संपला की सुटतो. गावरान रोपाच्या मालकावर मात्र वंश चालवण्याची जबाबदारी येऊन पडते.

हा गावरान टोमॅटो दिसायला चपटा, खांद्यावर चुण्या पडलेला, पातळ सालीचा आणि चवीला आंबट असतो. सारासाठी, चटणीसाठी तो उत्तम. पण ट्रकमध्ये क्रेटच्या तळाशी त्याला ठेवले तर पिंपळगाव सोडायच्या आतच त्याचे सार होते. बाजाराला लागतो तो जाड सालीचा, घट्ट, दूरचा प्रवास सोसणारा संकरित माल. म्हणून गावरान बी बाजारातून हटले आणि घरगुती पुड्यांत राहिले. या पुड्यांना इतिहास असतो. कोणाच्या आजीने येवल्याहून आणलेले, कोणाच्या मामाने कळवणला जपलेले, असे ते असते. बी काढायची रीतही पिढीजात असते. पिकल्या फळाचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बीभोवतीचा उगवण रोखणारा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवायचे. त्या दोन-तीन दिवसांत स्वयंपाकघरात जो वास येतो, त्यावरून घरात जे बोलणे होते, त्यानंतर त्या बीमधली एकही बी वाया घालवणे मालकाला परवडत नाही.

उगवलेली रोपे पंचवीस-तीस दिवसांत लावण्याजोगी होतात, आणि तेथून वाटपाचा टप्पा सुरू होतो. घेणाऱ्यांचे ढोबळ प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार उत्साही. हा एक मागत नाही, पाच मागतो, आणि नेताना आपल्याकडे गच्ची असल्याचे सांगतो. त्याच्याकडे गच्ची असते, माती नसते. पाचही रोपे त्याच पेल्यांत, त्याच पायरीवर, पाऊस येईपर्यंत किंवा न येईपर्यंत राहतात.

दुसरा प्रकार भिडस्त. याला रोप नको असते. पण नाही म्हणायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. संवाद साधारण असा होतो. "काकू, टोमॅटोची रोपं जास्त झालीत, दोन ठेवू का?" "अगं, आमच्याकडे ऊन येत नाही." "सकाळचं येतं की थोडं." "आणि आम्ही पंधरा दिवस पुण्याला चाललोय." "मग आल्यावर लावा, तोवर बाथरूमच्या खिडकीत ठेवा." येथे काकूंची शस्त्रे संपतात. दोन्ही रोपे आत जातात. घेणाऱ्यांत हीच संख्या सर्वाधिक असून जास्तीच्या रोपांची सारी व्यवस्था यांच्या भिडेवर उभी आहे.

तिसरा प्रकार जाणकार. नाशिकमध्ये हा टाळता येत नाही, कारण शहरातल्या तिसऱ्या-चौथ्या घराचे मूळ जिल्ह्यातल्या कोणत्या ना कोणत्या शेतात असते. याच्या भावाचा दिंडोरी तालुक्यात दोन एकर टोमॅटो असतो, तारा-बांबूवर बांधलेला, ठिबकवर वाढवलेला. तो रोप हातात घेऊन उलटसुलट पाहतो. "ही कोणती व्हरायटी?" "गावरान." "एकरी किती क्रेट निघतात?" देणाऱ्याला एकर माहीत नसतो, त्याला कुंडी माहीत असते. जाणकार मग नागअळीवर दहा मिनिटे बोलतो. 2014 च्या सुमारास महाराष्ट्रात आलेली ही तुटा नावाची अळी, पानात भुयारे कशी करते, फळात कशी शिरते, सापळे कसे लावायचे, हे सगळे तो सांगतो. शेवटी रोप परत देतो आणि वर सांगतो, "टमाटे पाहिजेत तर सांगा ना भाऊ, गावाकडून एक क्रेट पाठवतो." रोप द्यायला गेलेला माणूस वीस किलो टोमॅटोचे आश्वासन घेऊन परततो. हा वाटपातला सर्वांत मोठा पराभव मानला जातो.

चौथा प्रकार समव्यसनी. याच्याकडेही जास्तीची रोपे असतात. हा दार उघडण्यापूर्वी भोकातून पाहतो, हातात पेला दिसला की आत जातो आणि स्वतःचे दोन पेले घेऊनच दार उघडतो. अदलाबदल होते. दोघांची संख्या होती तेवढीच राहते. फक्त एकाचा टोमॅटो दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची मिरची पहिल्याकडे जाते.

पेल्यांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. जास्तीचे रोप कधीही विकत घेतलेल्या कुंडीत देत नाहीत. दुधाची पिशवी, चहाचा कागदी कप, नारळाची करवंटी, श्रीखंडाचा डबा, रंगाची छोटी बादली ही त्याची रूढ वाहने आहेत. पिशवी आणि कप परत अपेक्षित नसतात. डबा अपेक्षित असतो. पण मराठी घरात शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि हा नियम डब्यात माती होती की खीर होती असा भेद करत नाही. त्यामुळे टोमॅटोचे रोप घेऊन गेलेला डबा महिन्याभराने गवती चहाचा ठोंब घेऊन परततो. आता गवती चहा घेतलेला मनुष्य गवती चहाचा मालक होतो. गवती चहा जास्त व्हायला टोमॅटोइतकासुद्धा वेळ घेत नाही.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाने या व्यवहाराला धार्मिक अधिष्ठानही मिळाले आहे. प्लास्टिकच्या वाट्या आणि कंगव्यांऐवजी रोपे लुटण्याची पद्धत अलीकडे शहरांत रुळते आहे. डिसेंबरच्या मध्यावर पेरलेले बी संक्रांतीनंतर, रथसप्तमीपर्यंत, बरोबर लुटण्याजोगे होते. वाण नाकारता येत नाही, हा यातला मोठा सोयीचा भाग. कुंकू लावून, तिळगूळ हातावर ठेवून दिलेल्या रोपाला बाथरूमच्या खिडकीचे कारण सांगून चालत नाही.

रोपासोबत सूचना दिल्या जातात. ऊन सहा तास तरी हवे. पाणी रोज थोडे, पण साचू द्यायचे नाही. संध्याकाळी लावावे. आधी आठवडाभर हळूहळू उन्हाची सवय करावी. रोप खिडकीत उंच, लुकडे वाढले असेल तर घाबरू नये. खालची पाने खुडून ते खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीखाली जागोजागी नवी मुळे फुटतात. या सगळ्या सूचना बरोबर आहेत. त्या दारात उभे राहून, आत कुकरची शिट्टी होत असताना, एका दमात दिल्या जातात. घेणाऱ्याच्या लक्षात राहते ते एवढेच की पाणी घालायचे. पुढच्या पंधरवड्यात जी रोपे दगावतात, त्यांतली बरीचशी तहानेने नव्हे तर प्रेमाने बुडून दगावतात.

काही मालक आइस्क्रीमच्या काडीवर बॉलपेनने वाणाचे नाव लिहून ती पेल्यात खोचतात. दोन पाण्यांत शाई उडते. त्यानंतर टोमॅटो, वांगे आणि मिरची ही एकाच कुळातली भावंडे पेल्यात बसून ओळख परेडची वाट पाहतात. कातरलेले पान आणि चोळल्यावर येणारा उग्र वास ही टोमॅटोची खूण. पण ती ज्याला माहीत असते त्याला काडीची गरज नसते. ज्याला माहीत नसते तो कधीकधी दोन महिने निष्ठेने तण वाढवतो. मूळ रोप केव्हाच गेलेले असते. त्याच्या जागी उगवलेल्या माठाला सुतळीने काठीशी बांधलेले असते, आणि फुले कधी येतील अशी विचारणा देणाऱ्याकडे होत असते.

वाटपानंतरचा टप्पा चौकशीचा. दान दिले की विसरावे, असे शास्त्र आहे. रोपाच्या बाबतीत ते कोणी पाळत नाही, कारण हे दान नव्हे. उपटून टाकण्याचे जे काम स्वतःला जमले नाही, ते शेजाऱ्यावर सोपवलेले असते, आणि शेजाऱ्याने ते केले की नाही हे कळून घ्यायची मालकाला ओढ असते. म्हणून लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, मिसळीच्या टेबलावर प्रश्न येतोच: "काय म्हणतंय रोप?"

उत्तरांचा एक ठराविक संच आहे आणि त्याचा अर्थ अनुभवी लोकांना ठाऊक असतो. "जोर धरतंय" म्हणजे दोन पाने शिल्लक आहेत. "जरा मलूल वाटतंय" म्हणजे रविवारी गेले. "फुलं आली होती" यातले 'होती' पुरेसे बोलके आहे. "आईंनी जागा बदलली" म्हणजे दोष घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडे वळवला असून चौकशी येथेच थांबवावी. सर्वांत सुरक्षित उत्तर म्हणजे "गावी पाठवलं, मळ्यात लावायला." मळा तपासायला कोणी जात नाही. नाशिकमधली दिलेली सगळी रोपे खरोखर गावी गेली असती, तर गिरणाऱ्याच्या बाजाराला जागा पुरली नसती.

अगदीच सज्जन घेणारा वेगळा मार्ग धरतो. रोप मेले की तो शहराच्या कडेच्या रोपवाटिकेतून तशाच उंचीचे दुसरे आणून त्याच डब्यात लावतो. देणाऱ्याला ते पाहून समाधान वाटते. अडीच महिन्यांनी झाडाला गुळगुळीत, लांबट, घट्ट, एकसारखी संकरित फळे लागतात. चपट्या, चुण्यांच्या आजीच्या टोमॅटोशी त्यांचे काही साम्य नसते. देणारा ते पाहतो, घेणारा देणाऱ्याकडे पाहतो, आणि दोघेही यंदा पाऊस वेगळा झाला यावर एकमत करतात.

आता अर्थकारण. कुंडी, माती, गांडूळखत, निंबोळी तेल आणि सुतळी यांचा खर्च धरला तर गॅलरीतला टोमॅटो कोणत्याही बाजारभावात परवडत नाही. पण भावाचा आणि जास्तीच्या रोपांचा संबंध आहे, आणि तो 2023 साली स्पष्ट दिसला. त्या वर्षी जुलैमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. एरवी दारात उभ्या राहणाऱ्या मालकाला त्या महिन्यात लोक स्वतःहून फोन करू लागले. भिडस्त काकूंनीही दोन रोपे मागून घेतली, ऊन येत नसताना. अडचण एवढीच होती की रोप जुलैत लावले तर तोडा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. तोवर जिल्ह्यातल्या शेतांतला मालही बाजारात आला होता आणि सप्टेंबरमध्येच भाव कोसळून गेला होता. काकूंच्या झाडाला पहिले फळ लागले, तेव्हा टोमॅटो फुकट दिल्यासारखा मिळत होता.

यात हसण्यासारखे आहे ते काकूंपुरतेच. शेतकऱ्याचे गणितही याहून वेगळे नसते. भाव चढलेला दिसतो तेव्हा लागवड वाढते, आणि सगळ्यांचा माल एकाच वेळी येऊन भाव पाडतो. ऑगस्ट 2021 मध्ये नाशिकच्या शेतकऱ्यांनी तोडणी-वाहतूकही सुटेना म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. काकूंचे नुकसान एका कुंडीचे होते, आणि त्यांना ते श्रीखंडाच्या डब्यासह परत करता आले. क्रेट परत घ्यायला शेतकऱ्याला दार उघडून कोणी उभे नसते.

जास्तीच्या रोपांवर पैसे करणारा माणूस जगात झालाच नाही असे नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी एम. सी. बाइल्स नावाचा मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत मोठ्या फळाचे एक टोमॅटो वाण तयार केले, त्याची रोपे डॉलरला एक या दराने विकली आणि सहा वर्षांत घरावरचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले. वाणाचे नावही 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे गहाण सोडवणारा, असेच पडले. नाशिकला या उदाहरणाचा उपयोग नाही. येथे रोपवाटिकेत रोपाच्या किमतीवरून घासाघीस करणे रीतीचे आहे, पण शेजाऱ्याकडून रोपाचे दोन रुपये घेणे म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत पुरेल अशी बदनामी. गृहकर्ज ज्याचे त्याने पगारातून फेडावे.

कायद्याचे मात्र पूर्ण पाठबळ आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि वाटायला मोकळीक दिली आहे. घेणाऱ्याला नको म्हणण्याचा हक्क देणारे कलम त्यात नाही.

इतकी झाडे वाया जाऊनही ही रीत टिकून आहे, त्यामागे एक व्यावहारिक शहाणपण आहे. बी एकाच घरात ठेवले तर ते एका उंदराने, एका गळक्या छताने किंवा एका साफसफाईच्या रविवाराने नष्ट होऊ शकते. दहा घरांत पसरले तर सगळीकडून एकदम जात नाही. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, आणि त्या कामासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. तिथले बियाणेही मडक्यात नुसते जपून ठेवलेले नाही. ते दुसऱ्याच्या रानात जाते म्हणून जिवंत आहे. अमेरिकेतली 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ही संस्था 1975 साली निघाली तीही एका आजोबांनी नातीला दिलेल्या दोन प्रकारच्या बियांवरून. त्यांतली एक टोमॅटोचीच, जर्मन पिंक नावाची.

सोसायटीच्या पातळीवरही हेच घडते. ज्या वर्षी मूळ मालकाची तिन्ही झाडे पाने मुरडण्याच्या रोगाने जातात, त्याच वर्षी खालच्या मजल्यावर, जिथे कोणीतरी मेले समजून रोप कचऱ्याच्या खतात टाकले होते, तिथे ते फोफावलेले सापडते. चपटी, चुण्यांची, आंबट फळे त्याला लगडलेली असतात. तिथला गृहस्थ त्यातले एक पिकले फळ घेऊन वर येतो आणि विचारतो, "हे तुमचंच ना हो?" ते असते.

अशा फळाचे बी धुऊन, वाळवून कागदी पुडीत ठेवावे. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते. पुडीवर वाणाचे नाव, साल आणि बी कोणाच्या झाडाचे आहे ते पेन्सिलीने लिहावे. पेन्सिल पाण्याने उडत नाही. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. पुढच्या हंगामात घेणाऱ्यांची यादी करताना तो गृहस्थ तीतून वगळावा लागतो, कारण तोवर तोही आपली यादी करत असतो.